साखराचं रडणं

भाजीवाल्यानं खालून हाक दिली म्हणून मी गॅलरीत मान वळवली, आणि डोक्यात चर्रकन काहीतरी गेलं. उघड्या वायरीला ओला हात लागावा तसं. पण हाताला नाही, आत, डोळ्यांच्या मागं. समोरची इमारत, तिच्यावरचा पास झालेल्या पोरांच्या फोटोंचा मोठा फलक, खालचा गाडा, गाड्यावरची मेथी, सगळं एक पाऊल बाजूला सरकलं आणि परत जागेवर आलं. मी गज धरला. लातूरच्या माणसाला जमीन हलली की आधी किल्लारी आठवते. पण खाली कुणी पळत नव्हतं, भाजीवाला निवांत मेथीवर पाणी शिंपडत होता. आतून सुकन्या, माझी सून, ओरडली, "आत्या, मेथी घ्यायची का?" मी म्हटलं, "घे. पण जुडी सोडून बघ. वरून हिरवी अन् आतून पिवळी असती त्याची." आवाज नेहमीसारखाच निघाला, ते एक बरं झालं. मग मी स्टुलावर बसले आणि मान हळूच परत वळवून पाहिली. परत चर्र. तेव्हा समजलं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, गोळी एकदम सोडली तर असे झटके येतात. मी सोडली होती. रोजची गोळी सुकन्याच्या देखत तोंडाजवळ न्यायची आणि कुंकवाच्या जुन्या डबीत टाकायची असं चाललं होतं. ती डबी मालक गेल्यापासून रिकामीच होती. सुकन्याला वाटे गोळी गुडघ्याची. मला रडायचं होतं, म्हणून मी हे करत होते.

साखराबाई, माझी धाकटी बहीण, ज्येष्ठात गेली. मुखेडला, आपल्या घरी, भाकरी करता करता. एक भाकरी तव्यावर, पुढचीचं पीठ परातीत, आणि ती भिंतीला टेकली ती टेकलीच. राजकन्या, तिची लेक, करपल्याचा वास आला म्हणून आत धावली, आणि आधी तिनं भाकरी काढली. मग आईकडं पाहिलं. हे ती मला परत परत सांगते, आधी भाकरी काढली मावशी, आधी भाकरी. मी तिला म्हटलं, तुझ्या आईनं बी तेच केलं असतं. पण हे मी कोरड्या डोळ्यांनी म्हटलं, आणि तिथंच सगळं बिनसलं. आमच्याकडं बाईचं रडणं म्हणजे पदरानं डोळे पुसणं एवढंच नसतं. गल्लीच्या तोंडाशी आलं की हेल काढायचा. आतल्या बाया बाहेर येतात, गळ्यात गळा पडतो, आणि मग शब्द लावून रडायचं. गेलेली कुठं जन्मली, काय खाल्लं, काय सोसलं, कुणी तिला पाणी दिलं आणि कुणी दिलं नाही, सगळं त्या रडण्यात यायला पाहिजे. बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, कुठल्या दगडावर नसतं. तिचं जे काय सांगायचं ते एकदा त्या दारात सांगून होतं, आणि सांगायचा पहिला मान थोरल्या बहिणीचा, कारण सासरच्यांना तिचं लहानपण ठाऊक नसतं. माझ्या रडण्याला तर नाव होतं. सासूचं आणि माझं जन्मात पटलं नाही, पण तिच्या मयतीला मी अशी रडले की शेवटच्या दुखण्यात तिनं ताक मागितलं तेव्हा कोणत्या सुनेनं पांढरं पाणी दिलं, ते अख्ख्या गावाला समजलं. ती जाऊ पुढं मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बोलून तरी काय सांगणार होती. लोक म्हणायचे, मरावं तर केवळाबाई जिवंत असताना मरावं, नाव तरी निघतंय.

आणि साखराच्या दारात मी उभी राहिले. बाया उठल्या. राजकन्या हात पसरून आली. मी तोंड उघडलं. आत हेल असतो ती जागा मला ठाऊक आहे, छातीच्या खाली, नाभीच्या वर; तिथं हात घातला तर काहीच नव्हतं. दुःख नव्हतं असं नाही. दुःख होतं, पलीकडच्या खोलीत कुणी बोलत बसावं तसं. मला माहीत होतं की साखरा गेली, ती माझी होती, आता ती नांदेडच्या स्टँडवर रसवंतीपाशी उभी राहणार नाही. सगळं माहीत होतं, आणि डोळे तव्यासारखे. राजकन्या माझ्या गळ्यात पडून थरथरत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, दुसऱ्याच्या लेकराला शाळेत सोडायला आल्यासारखी. बाया वाट बघत होत्या. थोरली बहीण तोंड उघडेल, मग आम्ही साथ देऊ. मी म्हटलं, "पाणी द्या जरा." साखराची जाऊ नागाबाई मोरीपाशी उभी होती. ती हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच हळू. "लातूरचं पाणी हाय बाई. डोळ्यातलं बी फिल्टर होऊन राहिलं." मला तिला उत्तर द्यायचं होतं. असल्या शंभर नागाबाया मी पाणी न पिता गिळल्यात. पण उत्तरही त्याच जागेतून येतं, हेलाच्या जागेतून, हे मला त्या दिवशी समजलं.

गोळी सुरू झाली तीही साखरामुळंच. दुखणं असं दाखवता येण्यासारखं काही नव्हतं. भिजलेली गोधडी अंगावर टाकून कुणीतरी निघून गेलंय, आणि ती ओढून काढायला हात उचलावा तर हातावरही गोधडीच, असं काहीतरी. वरणात मीठ घातलं का नाही ते कळायचं, पण मीठ कशाला घालायचं ते कळायचं नाही. शिवकुमारनं, माझ्या मुलानं, लातुरात फ्लॅट घेतला, मला गावाकडून आणलं, पंखा, टीव्ही, दारात लिफ्ट. सगळे म्हणाले, केवळाबाईनं नशीब काढलं. म्हणून मी कुणाला काही म्हटलं नाही. ज्या बाईच्या तोंडाला गाव भ्यायचं तिनं काय सांगावं, मला सकाळ नको वाटते म्हणून? साखरा लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आली होती. एक दिवस ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कैरी फोडता फोडता म्हणाली, "अक्का, आल्यापास्नं तू मला एक बी शिवी दिली न्हाईस. चल, दवाखान्यात जाऊ." मी म्हटलं, "कसला दवाखाना?" तर म्हणाली, "शिव्या परत येत्यात तसला." लातुरात जायला मी तयार नव्हते. शिवकुमार क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो, त्याची पोरं गल्लोगल्ली खोल्या करून राहतात. एखादं बघणार आणि म्हणणार, सरांची आई येड्यांच्या डॉक्टरकडं. म्हणून नांदेड. घरी गुडघा सांगितला. मी लातूरहून निघायची, अहमदपूर, लोहा करत. ती मुखेडहून यायची. स्टँडजवळच्या रसवंतीपाशी जी आधी पोचेल तिनं थांबायचं. नेहमी तीच आधी पोचायची, आणि मला बघून ओरडायची, "आली गं माझी लंगडी!" म्हणजे रसवंतीवाल्यालासुद्धा गुडघाच खरा वाटावा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मला वाटलं होतं माझ्या गळ्यातला ताईत बघून हसतील, पण त्यांनी ताईताकडं लक्षच दिलं नाही. मी विचारलं, ही गोळी आत जाऊन करती काय ते सांगा, मी न समजता औषध घेणारी बाई न्हाई. तेव्हा त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरली, टेकू न देता. म्हणाल्या, मेंदूत अशा कोटी कोटी नसा आहेत, पण त्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, मधे फट आहे, डोळ्याला दिसणार नाही एवढी. निरोप पुढं द्यायचा तर पहिली नस फटीत थोडं औषधासारखं काहीतरी टाकते. त्यातल्या एकाचं नाव सेरोटोनिन. मी चौथी शिकलेली आहे, पण हा शब्द मी बरोबर म्हणते. बसमध्ये घोकला होता. पलीकडची नस ते झेलते, निरोप पोचतो. आणि झेलून झालं की फटीत जे असतं ते पहिलीच नस परत आत ओढून घेते. त्याला तिच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात. आत घेतलेलं थोडं साठवते, पुढच्या खेपेला वापरते, थोडं मोडून टाकते. तुमची गोळी त्या दारांना अडसर घालते, मावशी. म्हणजे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं. मी म्हटलं, म्हणजे माझ्यात ते कमी हाय? त्या म्हणाल्या, पूर्वी तसंच सांगायचे, पण ते इतकं सरळ नाही. दारं तर गोळी पहिल्या दिवशीच अडवते, आणि माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदू आपली घडी हळूहळू बदलतो असं दिसतं. पूर्ण अजून कुणालाच माहीत नाही. डॉक्टर असून माहीत नाही म्हणाली, तिथंच माझा तिच्यावर विश्वास बसला. साखरा इतका वेळ पिशवी मांडीवर धरून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "म्हंजी ती नस आमच्या अक्कासारखीच हाय. वाढती बी अन् पाहुण्याचा घास तोंडात हाय तवर ताट उचलून बी नेती." डॉक्टरीणबाई हसल्या. मी साखराला टेबलाखालून लाथ मारली. ती म्हणाली, "बघा डॉक्टर, गुडघा बरा हाय."

ते खरंच होतं. माझ्या पंगतीत ताट रेंगाळलेलं मला सोसत नाही. जेवण झालं की भांडं विहिरीवर, परात पालथी, शेण फिरवून जागा मोकळी. साखरा सावकाश जेवायची, लहानपणापासून, घास तोंडात घोळवत, मधेच गोष्ट सांगत. नांदेडला दवाखान्यातून निघालो की आम्ही एका खानावळीत बसायचो, आणि माझं झालं की माझा हात आपोआप तिच्या ताटाकडं जायचा, खानावळीतसुद्धा, जिथं ताट उचलायला माणसं ठेवलेली. ती तळहात आडवा धरायची. "अक्का, राहू दे जरा." काय बोलायचो आम्ही तिथं? काहीच नाही. तिच्या म्हशीचं, राजकन्याच्या लेकराच्या दाताचं, नागाबाईच्या कुलपांचं. पण ते बोलणं मला आठवडाभर पुरायचं. परतीच्या बसमध्ये बाहेर सोयाबीन, तूर, मधेच माळ, आणि मला वाटायचं ते फटीत राहणं का काय म्हणतात ते हेच असेल. हळूहळू सकाळी मीठ कशाला घालायचं ते कळायला लागलं. एक दिवस मी दूधवाल्याला शिव्या देत त्याच्या आजोबापर्यंत जाऊन आले, आणि सुकन्यानं मुखेडला फोन लावून दिला तर साखरा पलीकडून म्हणाली, "दे, मला बी एक दे." डॉक्टरीणबाईंनी तेव्हा हेही सांगितलं होतं, की काहींना या गोळीनं दुःख बोथट होतं तसं बाकीचंही थोडं बोथट होतं, रडू येत नाही म्हणतात काही जण, तसं वाटलं तर सांगा, आपण बदलू. मी सांगितलं नाही. रडू येत नाही ही काय दवाखान्यात सांगायची गोष्ट आहे? तेव्हा मला रडून करायचं होतं काय?

आता करायचं होतं. आमच्यात माणूस गेल्यावर पहिला सण येतो तो रडायचा सण. बाया परत जमतात, त्या घरात गोडधोड शिजत नाही, बाहेरून आणतात, आणि राहिलेलं रडणं रडून घेतात. साखराचा पहिला सण नागपंचमी. मी मनाशी धरलं, पंचमीला मी तिचं रडणं करणार, उदगीरच्या बाजारापासून शेवटच्या भाकरीपर्यंत, नागाबाईच्या तोंडावर. आणि आडवी येत असेल तर ती गोळी. अडसर काढला की पाणी धावेल, एवढं साधं गणित मी केलं. शेतातलं पाणी असतं तर ते बरोबर आलं असतं. आधी आले झटके. मग चक्कर, मळमळ, दिवसा झोप आणि झोपेत नुसती पळापळ. मग एक दिवस सिलिंडरवाला लिफ्ट बंद म्हणून जिन्यानं टाकी खांद्यावर घेऊन आला, दारात टेकला, गमछ्यानं मान पुसली, आणि ते बघून मला हुंदका फुटला. असा फुटला की मला भिंत धरावी लागली. सुकन्या धावत आली. "आत्या, काय झालं?" मी म्हटलं, "कांदा." ती म्हणाली, "कांदा कुठाय?" मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यात." पण आत मी हरखले होते. आलं, आलं. लातुरात नळ येतो तेव्हा बाया जशा हातातलं टाकून हंड्याकडं धावतात तशी मी साखराचा चेहरा आणायला धावले, तिचा आडवा तळहात, तिची लंगडी म्हणून मारलेली हाक, एवढं घेऊन येईतो पाणी गेलेलं. असं तीनचारदा झालं. टीव्हीवर कुकरची जाहिरात बघून, बालवाडीच्या गाडीतून हात हलवणाऱ्या कुणाच्या तरी पोराला बघून. रडू येत होतं, पण त्यात साखरा नव्हती. त्याला शब्द लागत नव्हते. आणि बिनशब्दांचं रडणं घेऊन मी मुखेडला काय करणार होते, शिंकल्यासारखं?

त्याच दिवसांत शिवकुमार घरी बसून शिकवण्याचा व्हिडिओ करत होता. हॉलमध्ये पांढरा फळा, समोर गोल दिवा, आणि त्यानं फळ्यावर दोन फुगीर टोकं काढली, एकमेकांसमोर, न टेकणारी. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. मला ती फट लांबून ओळखू आली. तो सांगत होता, पहिली पेशी सोडते, दुसरी घेते, काम झालं की पहिली परत आत ओढते, हे लक्षात ठेवा, परीक्षेला विचारतात. चांगलं सांगतो तो. बापासारखा घाई करत नाही. मी म्हटलं, "कामून परत ओढती? दिलेलं राहू द्यावं की." त्यानं दिव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, फोन बंद केला. "आई, शूटिंग चालूय." मग चिडला नाही, म्हणाला, "परत नाही घेतलं तर निरोप संपतच नाही. एकच वाजत राहतो. मग पुढचा कसा ऐकू येणार? बोलून झालं की गप्प बसावं लागतंच की." मी म्हटलं, "बरोबर हाय." तो हसला, "तुला कशाला गं हे?" तेव्हा सांगता आलं असतं. तोंडात आलं होतं, की लेकरा, तू जे काढलंस ते माझ्या डोक्यातलं हाय, त्या दारापाशी मी दोन वर्षं गोळ्या नेऊन ठेवल्यात. मी म्हटलं, "गुडघ्यात बी असतंय का ते बघत होते." त्यानं परत फोन चालू केला.

त्यानंतर गोधडी परत आली. हुंदकेही गेले, झटकेही गेले, आणि जे मागं उरलं ते मला ओळखीचं होतं. खाटेवर पडून छताच्या पंख्याकडं बघताना मला हळूहळू आठवायला लागलं की हे कोरडं गोळीच्या आधीचं आहे. साखरा कैऱ्या घेऊन आली त्याच्या आधी आमची गावाकडची शेजारीण जगदेवी गेली होती, चाळीस वर्षांचा शेजार, आणि मी तिच्या मयतीला जाऊन पाठीमागं बसून आले होते, एक शब्द न बोलता. म्हणजे माझ्याकडून रडणं कुणी नेलं होतं? गोळीनं, का ज्याच्यासाठी गोळी होती त्यानं? का साखरानंच जाताना पदराला बांधून नेलं? मी सुकन्याला सांगितलं, गुडघा लई दुखतोय, आणि नांदेडची बस धरली. रसवंतीपाशी उतरले. चरक चालू होता. रसवंतीवाल्यानं मला बघितलं, माझ्या मागं बघितलं, आणि दोन ग्लास ठेवले. एक प्यायले, दुसऱ्याकडं बघत बसले, बर्फ विरेपर्यंत. मग उठून गेले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज एकट्याच? मावशी कुठं गेल्या दुसऱ्या?" मी सांगितलं. गोळी सोडल्याचंही सांगितलं, आणि डबी काढून टेबलावर ठेवली. त्या रागावतील म्हणून मी तोंड तयार ठेवलं होतं; त्या रागावल्या नाहीत, डबीतल्या गोळ्यांकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, "मला रडायला येईल एवढीच गोळी द्या. जास्त नको." त्या म्हणाल्या, "तशी गोळी नाही, मावशी. असती तर दिली असती." मग म्हणाल्या, रडू न येणं गोळीनंही होतं, आजारानंही होतं, आणि नुसत्या दुःखानंही होतं. तिन्ही वेगळी काढून दाखवता येत नाहीत. अर्ध्यापासून परत सुरू करू, नंतर लागलं तर दुसरी बघू. मी विचारलं, "पंचमीपर्यंत?" त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. उठताना मी बाजूच्या खुर्चीला हात लावला, तिथं साखरा पिशवी घेऊन बसायची. खुर्ची थंड होती, पंख्याखालची. मी स्वतःशी म्हटलं, ह्या खुर्चीतली साखरा कुणी बघितली? राजकन्यानं नाही. नागाबाईनं नाही. ही बाई आणि मी. आणि ही बाई तर मुखेडला येऊन रडणार नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात ते फिरत राहिलं. मी मनात साखराचं रडणं लावून बघत होते, खाटेवर पडल्या पडल्या, हेल न काढता, नुसते शब्द. जन्म, लहानपण, लग्न, लेकरं, म्हस, सगळं ओळीनं लागायचं, आणि मग नांदेड यायचं. नांदेड सांगावं तर माझी अब्रू जाते. नांदेड वगळावं तर साखरा जाते, कारण तिनं जन्मात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती. अडाणी बाई, कधी तालुक्याबाहेर एकटी न गेलेली, थोरल्या बहिणीचा हात धरून डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली आणि दोन वर्षं लंगडी लंगडी ओरडत जगाला फसवत राहिली. ताकात पाणी घातलेलं मी अख्ख्या गावाला ऐकवलं होतं. आणि हे गिळायचं?

पंचमीला शिवकुमारनं गाडी काढली. चाकूर, शिरूर ताजबंद, तिथून मुखेडचा फाटा. सुकन्यानं पुरणाची दिंडं करून दिली होती, डबा माझ्या मांडीवर गरम होता. गल्लीच्या तोंडाशी मी उतरले. बाया दारात आल्या. हेल काढायची जागा आली, आणि मी ती ओलांडून चालत गेले. नागाबाईचं तोंड मला लांबूनच दिसलं. मी आत गेले आणि चुलीच्या त्या भिंतीशी बसले, जिथं साखरा टेकली होती. म्हटलं, "बसा सगळ्या. मला रडू येत न्हाई. पण साखराचं सांगायचं राहिलंय."

नागाबाई म्हणाली, "कोरडंच?"

"हाव, कोरडंच. वल्लं तुम्ही करा."

आणि मी सुरू केलं. सूर नव्हता, हात हलत नव्हते. आमचा बाप तूर घेऊन उदगीरच्या बाजारला गेला होता, तूर चांगली गेली म्हणून त्यानं पहिल्यांदा साखर आणली, घरी आला तर ही जन्मलेली. ती साखर आम्ही पाटीवरच्या पेन्सिलीच्या टोकाएवढी घेऊन बोटानं चाटली. ओढा ओलांडताना ही माझ्या पाठीवर असायची आणि पाणी वाढलं की भ्यायच्या ऐवजी माझा कान चावायची. ह्या घरात आली तेव्हा हिला चुलीवरचं भगुलं उतरवता येत नव्हतं. पहिल्या वर्षी लोण्याच्या फडताळाला कुणी कुलूप लावलं ते मी सांगितलं, आणि नागाबाईनं मान खाली घातली. पण राजकन्याच्या वेळी आडली तेव्हा पावसात सुईण आणायला कोण गेलं तेही सांगितलं. निम्मं सांगणारी मी नाही. नागाबाई तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. एकीचं बघून दुसरी. म्हशी झाल्या, नातू झाला, आणि मग पुढं नांदेड होतं. मी थांबले. शिवकुमार दारात उभा होता, गाडीची किल्ली बोटात, निघायची वेळ विचारायला आलेला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, तव्याकडं बघितलं.

"अन् मी येडी होऊन राहिले होते," मी म्हटलं. "गुडघा न्हवता. माझं डोकं काळं झालं हुतं. मला सकाळ नको झाली हुती. कुणाला दिसलं न्हाई, हिला दिसलं. हिनं माझा हात धरला अन् नांदेडला नेलं, डोक्याच्या डॉक्टरकडं, अन् बाजूच्या खुर्चीत बसली, दर खेपेला. मी आज तुमच्या पुढं बसलेय ते हिच्यामुळं. ते सांगितल्याबिगर हिचं रडणं पुरं होत न्हाई."

मग राजकन्या म्हणाली, "मावशी, आई तर आम्हाला बी गुडघाच सांगायची. तेल बी पाठवायची तुला."

"लई खोटारडी होती तुझी माय," मी म्हटलं. "हे बी रडण्यात घाल."

तेव्हा राजकन्या हसली, आणि हसता हसता तिचं रडू फुटलं, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखं, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो भाकरीचा. आधी भाकरी काढली गं माय. बायांनी साथ धरली. घर भरून गेलं. मी मधे बसले होते आणि ते रडणं माझ्या चारी बाजूंनी चाललं होतं. दारात शिवकुमारनं चपला काढल्या. तो आत आला नाही, परतही गेला नाही, उंबऱ्यावर बसला, किल्ली मुठीत धरून, पाठमोरा. त्याची मान बापासारखी आहे. ती मान एकदा हलली.

ताटं वाढली. मयताच्या घरी एकमेकींना भरवायचा कडू घास मी राजकन्याच्या तोंडात घातला, तिनं माझ्या. खाऊन झाल्यावर मी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. विधवा बाई सगळ्यांच्या देखत कुंकवाची डबी उघडते म्हणून नागाबाईचे डोळे मोठे झाले. मी अर्धी गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्यानं पाणी प्यायले, वरून, सगळ्यांना दिसेल असं. डोळे माझे तसेच होते, कोरडे. शेजारी एक ताट साखराच्या नावानं वाढलेलं होतं, त्यावर एक दिंड, वाफ गेलेलं. माझं जेवण झालं होतं. माझा हात सवयीनं त्या ताटाकडं गेला, कडेला लागला, आणि तिथंच थांबला.

राजकन्या वाकली. "सरक मावशी, मी उचलते."

"राहू दे," मी म्हटलं. "राहू दे जरा."